कॉकपिटमधली घंटी

जुलैची संध्याकाळ. नागपूरहून निघालेलं विमान मुंबईवर येऊन अर्धा तास घिरट्या घालत होतं. मग एकदाचं खाली निघालं. चाकं उघडल्याचा दणका बसला, खिडकीच्या काचेवर पाण्याचे ओघळ आडवे धावायला लागले. घाटकोपरच्या छपरांवरच्या निळ्या ताडपत्र्या ढगाच्या फटीतून एकदा दिसल्या आणि पुसल्या गेल्या. आता टेकणार म्हणून मी पायाची बोटं आवळून घेतली, तेवढ्यात दोन्ही इंजिनं गरजली, पाठ सीटला चिकटली आणि विमान नाक वर करून पुन्हा ढगात शिरलं.

शेजारी बसलेले काका थोडा वेळ गप्प होते. मांडीवर संत्रा बर्फीचे दोन डबे, त्यांवर दोन्ही हात. मग मान हलवत म्हणाले, "नवशिका दिसतोय कोणीतरी. नाही जमलं त्याला."

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. विमान उतरवता आलं नाही म्हणजे पायलटला जमलं नाही, हा हिशेब आपल्या डोक्यात पक्का बसलेला असतो. गाडी पार्किंगच्या जागेत एका दमात बसली नाही की मागे उभा असलेला वॉचमन ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने दीडशे-पावणेदोनशे माणसं कॉकपिटच्या बंद दाराकडे बघत होती.

या प्रकाराला विमानवाले 'गो अराउंड' म्हणतात. उतरण्याचा प्रयत्न सोडायचा, इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा, वर जायचं, फेरी मारून पुन्हा यायचं किंवा दुसरं विमानतळ गाठायचं. हा शब्द मराठी वाचकांच्या कानावर नीट पडला तो ऑगस्ट २०२० नंतर, आणि तोही फार कमी जणांच्या.

७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ कोझिकोडला भर पावसात धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं. विमानात १९० जण होते, २१ गेले. गेलेल्यांत दोन्ही वैमानिक होते. कॅप्टन दीपक साठे आपले, महाराष्ट्राचे. हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले, दहा हजार तासांहून अधिक उड्डाणाचा अनुभव असलेले. त्या रात्रीपासून एक मजकूर मोबाइलवर फिरायला लागला. चाकं उघडत नव्हती, आग लागू नये म्हणून साठ्यांनी तीन फेऱ्या मारून इंधन संपवलं, स्वतः गेले पण प्रवासी वाचवले. मीही तो पुढे ढकलला. डोळ्यांत पाणी होतं आणि हातात फोन होता. खातरजमा कोण करतो?

वर्षभराने, सप्टेंबर २०२१मध्ये विमान अपघात तपास विभागाचा अहवाल आला. तो कोणी पुढे ढकलला नाही. अहवालातली गोष्ट अशी. पहिल्या प्रयत्नात धावपट्टी दिसली नाही आणि कॅप्टनच्या बाजूचा वायपर थोडा वेळ चालून बंद पडला. त्यांनी नियमाप्रमाणे गो अराउंड केलं. दुसऱ्या वेळी विरुद्ध दिशेने, म्हणजे १० क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरायचं ठरलं. त्या बाजूने वारा पाठीशी होता आणि विमान टेकलं तेव्हा त्याचा जोर १४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटर होता. धावपट्टी ८,८५८ फूट लांब. विमान जमिनीला लागलं ते ४,४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी धावपट्टी मागे टाकून. आणि त्याआधी सहवैमानिक अखिलेश कुमार बोलले होते. आधी लक्ष वेधायचा प्रयत्न, मग "कॅप्टन" अशी हाक, मग स्पष्ट शब्दांत "गो अराउंड". विमान वर गेलं नाही.

अपघाताचं संभाव्य कारण सांगताना अहवालाने दोन गोष्टी एकाच दमात मांडल्या आहेत. विमान चालवणाऱ्याने गो अराउंडची हाक येऊनही लँडिंग चालू ठेवलं आणि लक्ष ठेवणाऱ्याने विमानाचा ताबा स्वतःकडे घेऊन गो अराउंड केलं नाही. पहिल्या वाक्याने काही जण चिडले, 'शहीदाची बदनामी' म्हणाले. दुसऱ्या वाक्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. मला तर ते दुसरं वाक्य पहिल्याहून जड वाटतं. बत्तीस वर्षांच्या सहवैमानिकाने, एकोणसाठ वर्षांच्या, हवाई दलात नाव कमावलेल्या माणसाच्या हातातून विमान काढून घ्यायला हवं होतं, असं ते वाक्य म्हणतं. मोजक्या सेकंदांत, अंधारात, पावसात.

साठे वीर होते की दोषी, या प्रश्नात मला रस नाही. तो माणूस कर्तबगार होता हे त्याच्या सगळ्या आयुष्यावरून दिसतं, आणि कर्तबगार माणसाची त्या रात्री चूक झाली हे अहवालातून दिसतं. दोन्ही खरं आहे. मला रस आहे तो त्या एका शब्दात. 'गो अराउंड' हा शब्द आपल्या कॉकपिटमध्ये सूचना म्हणून उच्चारला जातो की हुकूम म्हणून?

कारण कोझिकोड पहिलं नव्हतं. २२ मे २०१०. तीच कंपनी, तसंच ७३७, तसंच दुबईहून आलेलं, तशीच डोंगरमाथ्यावरची धावपट्टी, फक्त गाव मंगळुरू. १६६ जण होते, ८ वाचले. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते हवाई दलाचे निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. प्रवासातला सुमारे १ तास ४० मिनिटांचा वेळ कॅप्टन झोपेत होता आणि जागा झाला तो अर्धवट गुंगीत, असं त्यांना आढळलं. विमान फार उंचावरून, फार वेगात खाली आलं. सहवैमानिकाने तीनदा 'गो अराउंड' म्हटलं. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर विमान टेकलं ते ५,२०० फुटांवर. त्या अहवालात एक वाक्य आहे. सहवैमानिकाने गो अराउंड करावं की नाही याबद्दलच्या सूचनांमध्ये संदिग्धता होती, बहुधा म्हणूनच त्याने वारंवार हाक दिली पण ताबा घेतला नाही.

त्या सकाळी मंगळुरूला सहा किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसत होतं. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण असा अपघात झाला की आपण धुक्याला आणि पावसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. किंवा धावपट्टीच्या लांबीला. धावपट्टी लांब हवी, तिच्या टोकाला सुरक्षित मोकळी जागा हवी, हे सगळं बरोबरच आहे. पण निम्मी धावपट्टी हवेतच संपवणाऱ्या विमानाला आणखी पाचशे फूट देऊन प्रश्न सुटतो असं मला वाटत नाही.

आता दृश्यमानतेचं बघू. दाट धुकं भीतीदायक असतं, पण वादाला जागा देत नाही. दिल्लीला डिसेंबर-जानेवारीत धावपट्टीवर ५० मीटरपर्यंतच दिसत असलं तरी योग्य यंत्रणा, योग्य विमान आणि खास प्रशिक्षण घेतलेले दोन्ही वैमानिक असतील तर विमान उतरतं, आणि उतरवतं ते बहुतांशी यंत्रच. आकडा ठरलेला. मोजमाप त्याच्या खाली गेलं की उतरायचा प्रयत्नच करायचा नाही. तिथे 'सर, मला वाटतं' याला वाव नाही. खरा घोळ होतो तो दिसतंय-न-दिसतंय अशा वेळी. कोझिकोडला त्या रात्री दृश्यमानता २,००० मीटर नोंदली होती. कागदावर पुरेशी. पण रात्र, काचेवर पाणी, धड न चालणारा वायपर आणि पाठीवर वारा. उपकरणांच्या मदतीने उतरण्याच्या साध्या पद्धतीत २०० फुटांवर निर्णय घ्यायचा असतो. धावपट्टीचे दिवे दिसले तर उतरा, नाही तर वर. तिथून जमीन साधारण सोळा-सतरा सेकंदांवर असते. तेवढ्यात एकाला दिवे दिसतात आणि दुसऱ्याला 'दिसले, पण आपण फार पुढे आलोय' असं जाणवतं. दोघंही आपापल्या परीने खरंच बोलत असतात. वाद जन्मतो तो इथे, आणि तो मिटवायला वेळ नसतो.

अशा वेळी आपल्याकडे लगेच संस्कृतीचं कारण पुढे येतं. आशियाई माणसं मोठ्यांपुढे बोलत नाहीत, आपल्यात ज्येष्ठांचा शब्द खाली पडू देत नाहीत, वगैरे. १९९७ साली ग्वाम बेटावर पावसाळी रात्री कोरियन एअरचं जंबो टेकडीवर आदळलं आणि २२८ जण गेले, तेव्हापासून हा सिद्धान्त फारच लाडका झाला. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. ज्या घरात ताटावर बसल्यावर 'मीठ कमी आहे' म्हणायलाही मुलगा आजोबांकडे बघतो, तिथल्या मुलाला सहवैमानिकाच्या खुर्चीत बसवून 'आता बिनधास्त बोल' म्हणणं सोपं नाही. पण हा सिद्धान्त मला आळशी वाटतो. एक तर तो आपल्याला सुटका देतो: संस्कृतीच तशी, काय करणार. आणि दुसरं म्हणजे तो पुरत नाही.

झुरिक, १४ नोव्हेंबर १९९०. मिलानहून आलेलं अलिटालियाचं डीसी-९, रात्र, ढग. कॅप्टनच्या बाजूचं उपकरण बिघडल्यामुळे चुकीची दिशा दाखवत होतं. सहवैमानिकाला शंका आली आणि त्याने नुसतं म्हटलं नाही, तर गो अराउंड सुरूही केलं. कॅप्टनने ते थांबवलं. काही क्षणांत विमान श्टाडलरबर्ग टेकडीवर आपटलं, सगळे ४६ जण गेले. इटालियन माणसाला वरिष्ठापुढे तोंड उघडता येत नाही, असं कोणी म्हणेल का? कॅनडाच्या उत्तरेला रेझोल्यूट बे इथे २० ऑगस्ट २०११ रोजी, खाली उतरलेल्या ढगांमध्ये, सहवैमानिक पुन्हा पुन्हा सांगत होता की आपण धावपट्टीच्या रेषेत नाही, बाजूला सरकलोय. कॅप्टनच्या डोक्यातलं चित्र वेगळं होतं. विमान टेकडीला धडकलं, १५ पैकी १२ गेले. तिथे ना कोणी कोणाच्या पाया पडत होतं, ना 'सर' म्हणत होतं.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९४ साली ३७ मोठ्या अपघातांचा अभ्यास केला. वैमानिकांच्या चुकांमुळे झालेले, १९७८ ते १९९० मधले. त्यातल्या ८० टक्क्यांहून अधिक अपघातांत विमान प्रत्यक्ष कॅप्टन चालवत होता. वरवर बघता उलटं वाटतं, कारण विमान आलटून पालटून दोघंही चालवतात आणि अनुभवी हातात ते जास्त सुरक्षित असायला हवं. पण जरा विचार केला की उलगडतं. कनिष्ठ चालवत असतो तेव्हा वरिष्ठाला चूक दिसली की तो तिथल्या तिथे टोकतो, गरज पडली तर ताबा घेतो. वरिष्ठ चालवत असतो तेव्हा कनिष्ठाला चूक दिसते, मग ती खरंच चूक आहे का असा विचार येतो, मग कसं सांगावं असा विचार येतो, मग तो सांगतो आणि वाट बघतो. आणि गंमत बघा, मंगळुरूसारख्या अवघड ठिकाणी विमान कॅप्टननेच उतरवायचं असा दंडक होता. त्यामागचा हेतू चांगला. परिणाम असा की जिथे टोकणारा माणूस सगळ्यात खंबीर हवा, तिथे त्या खुर्चीत हमखास कनिष्ठ बसतो.

मी लहानपणी एसटीने खूप फिरलो. लाल डब्याच्या छतालगत पुढपर्यंत गेलेली ती मळकी दोरी आठवत असेल. कंडक्टरने एकदा ओढली की टण्ण, गाडी थांबायची. दोनदा ओढली की टण्ण-टण्ण, गाडी निघायची. आमच्या मार्गावरचे ड्रायव्हर पांढऱ्या मिशांचे, घाटातलं प्रत्येक वळण तोंडपाठ असलेले, आणि कंडक्टर कधी कधी नुकताच लागलेला, तिकिटांची पेटी अजून खांद्याला टोचणारा पोरगा. पण त्या पोराने एक घंटी मारली की मिशाळ ड्रायव्हर आधी ब्रेक दाबायचा, मग मान वळवून विचारायचा, "काय झालं रे?" कधी कोणाची पिशवी दारात अडकलेली असायची, कधी म्हातारी उतरायची राहिलेली असायची, कधी काहीच नसायचं, पोराचा अंदाज चुकलेला असायचा. ड्रायव्हर चार शब्द ऐकवायचा. पण पुढच्या घंटीलाही ब्रेक दाबायचाच. आणि दोन घंट्या मिळाल्याशिवाय, स्वतःला रस्ता कितीही मोकळा दिसत असला तरी, गाडी हलवायचा नाही.

त्या दोरीत एक असमतोल मुद्दाम ठेवलेला होता. निघायला दोघांची तयारी लागायची, थांबायला एकाची शंका पुरायची. त्यात ड्रायव्हरचा अपमान कोणाला वाटला नाही. विमानासाठी मी मागतोय ते एवढंच. उतरायला दोघांचा होकार हवा. दोघांपैकी कोणाच्याही तोंडून 'गो अराउंड' निघालं की विमान वर जायलाच हवं. चर्चा वर, तीन हजार फुटांवर, चहा घेत करता येईल.

विमानक्षेत्रातला माणूस म्हणेल, हे तर आमच्या पुस्तकात आहेच. आहे, हे मान्य. कोझिकोडच्या अहवालानेही त्या हाकेनंतर गो अराउंड बंधनकारक होतं असंच म्हटलंय. मग मंगळुरूनंतर दहा वर्षांनी तोच शब्द पुन्हा हवेत का विरला? मला दिसणारं उत्तर असं की पुस्तकातला नियम हाक देणाऱ्यावर येऊन थांबतो. हाक ऐकली गेली नाही तर पुढच्या दोन सेकंदांत काय करायचं, हे बोटांना माहीत नसतं. प्रशिक्षणात शिडी शिकवतात: आधी विचारा, मग सावध करा, मग आव्हान द्या, मग ताबा घ्या. शिडी सुरेख आहे. पण ती आकाशात दहा किलोमीटरवर चढायला ठीक. जमिनीपासून पन्नास फुटांवर चार पायऱ्या कुठून आणायच्या?

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप गंभीर आहे: जमिनीजवळ दोघांनी स्टिअरिंग ओढायला सुरुवात केली तर त्याहून वाईट काय? बरोबर आहे. आणि गो अराउंड हाही काही बिनधोक प्रकार नाही. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून गेलेलं एमिरेट्सचं बोइंग ७७७ दुबईला चाकं टेकल्यावर पुन्हा उडायला गेलं. वैमानिकांनी गो अराउंडचं बटण दाबलं, पण चाकं जमिनीला लागलेली असताना ते बटण इंजिनांना जोर देत नाही, हे क्षणभर निसटलं. चाकं आत घेतली गेली, विमान पोटावर आपटलं आणि जळालं. ३०० जण बाहेर पडले हे नशीब. एक अग्निशमन जवान मात्र गेला. म्हणून तर मी म्हणतो की ताबा घेण्याची वेळच येऊ नये. ती येते, कारण हाक आणि कृती यांच्यामध्ये कॅप्टनच्या संमतीचा उंबरा असतो. घंटी वाजताच ब्रेक दाबायची सवय दोघांनाही असेल तर ओढाताण होत नाही. ड्रायव्हर आणि कंडक्टर स्टिअरिंगवर झोंबलेत असं मी तरी कधी पाहिलं नाही.

दुसरा आक्षेप अधिकाराचा. कायद्याने विमानाची शेवटची जबाबदारी कॅप्टनची. ती तशीच राहावी. पण जबाबदारी माणसं सुखरूप पोचवण्याची आहे. धोका पत्करून उतरण्याचा एकट्याचा हक्क त्यात कुठे येतो? आणि तिसरा आक्षेप, की अननुभवी पोरं ऊठसूट हाका मारतील. मारू देत. दहा-पंधरा मिनिटं आणि काही क्विंटल इंधन जाईल. शिवाय आजचं वास्तव याच्या नेमकं उलटं आहे. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार वेग, उंची, उतरण्याचा दर यांतलं काहीतरी नियमाबाहेर असलेल्या, म्हणजे अस्थिरपणे धावपट्टीकडे येणाऱ्या विमानांपैकी सुमारे ९७ टक्के गो अराउंड न करता तशीच उतरतात. बहुतेक सुखरूप उतरतात. तीच तर अडचण आहे. नियम मोडून शंभरदा काही झालं नाही की एकशे एकाव्या वेळी हाक देणाऱ्याचाच आवाज आपोआप बारीक होतो.

ब्रिटिश एअरवेजमध्ये कित्येक दशकं एक पद्धत चालत आली आहे आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. कमी दृश्यमानतेत विमान खाली आणतो सहवैमानिक, त्याची नजर उपकरणांवर. कॅप्टन बाहेर बघत बसतो. ठरलेल्या उंचीवर कॅप्टनला धावपट्टी नीट दिसली तर तो तसं बोलतो, ताबा घेतो आणि उतरवतो. तो काहीच बोलला नाही तर सहवैमानिक कोणालाही न विचारता विमान वर घेतो. यातली खुबी लक्षात आली का? कॅप्टन दचकला, गोंधळला, झोपेच्या गुंगीत असला, तरी विमान वरच जाणार. आपण 'मौनं संमतिलक्षणम्' म्हणत वाढलेली माणसं. मुलीच्या लग्नापासून हाउसिंग सोसायटीच्या सभेपर्यंत गप्प बसणं म्हणजे हो. या पद्धतीत गप्प बसणं म्हणजे नाही. धाडस लागतं ते उतरण्यासाठी तोंड उघडायला, वर जाण्यासाठी नाही. सहवैमानिकाला इथे कोणाचा शब्द मोडावा लागत नाही, कोणाच्या हातातून काही हिसकावावं लागत नाही. स्वभाव भिडस्त असला तरी चालतो.

ही पद्धत सगळीकडे जशीच्या तशी बसेल असं नाही. आडव्या वाऱ्यात, छोट्या धावपट्टीवर हातांची अदलाबदल शेवटच्या क्षणी नको, असं म्हणणारे अनुभवी वैमानिक आहेत. त्यांचं ऐकावं. पण तिच्यामागचं तत्त्व नागरी उड्डाण महासंचालनालयाने उचलावं, आणि प्रत्येक कंपनीच्या मर्जीवर न सोडता सगळ्यांसाठी एका वाक्यात लिहावं, ज्यात संदिग्ध म्हणावं असं काही उरणार नाही.

आणि ते वाक्य सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉकपिटची हुबेहूब नक्कल असलेल्या सरावाच्या यंत्रात, घोटून घ्यावं. उड्डाणाच्या वेळी इंजिन बंद पडणं हा प्रसंग वैमानिक दर काही महिन्यांनी पुन्हा पुन्हा गिरवतात. आजची इंजिनं इतकी भरवशाची की अनेकांच्या अख्ख्या कारकिर्दीत ते एकदाही बंद पडत नाही, तरी गिरवतात, कारण पडलं तर विचार करायला वेळ नसतो. मग कॅप्टनने हाक ऐकली नाही तर काय, हेही तसंच गिरवायला हवं. प्रशिक्षकाने कॅप्टनच्या खुर्चीत बसून मुद्दाम उंचावरून, मुद्दाम वेगात यावं, हाकेला उत्तर देऊ नये, आणि डावीकडच्या बाजूने ठामपणे "मला दिसतंय, मी उतरतोय" असंही म्हणावं. पोराचा हात थ्रॉटलकडे, म्हणजे इंजिनांचा जोर वाढवणाऱ्या दांड्याकडे, किती वेळात जातो ते मोजावं. नापास करायचं असेल तर दोघांना करावं: जो घेत नाही त्याला आणि जो देत नाही त्याला. परीक्षेत कॅप्टनचीही परीक्षा ही असावी की हाक आल्यावर त्याने आधी ब्रेक दाबला की आधी विचारलं.

एवढं करूनही एक गोष्ट कॉकपिटच्या बाहेर उरते. कोझिकोडच्या अहवालात नोंद आहे की कॅप्टनना दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच पुढचं उड्डाण करायचं होतं आणि त्या तळावर कॅप्टन कमी होते. विमान दुसरीकडे वळवलं असतं तर सकाळचं वेळापत्रक कोलमडलं असतं. कोणी फोन करून 'तिथेच उतरा' असं सांगितलं नव्हतं, सांगावं लागतही नाही. शहाणा नोकर मालकाची अडचण स्वतःहून ओळखतो, याचं आपल्याकडे कौतुकच होतं. त्या कौतुकात विमानाचं नाक खाली राहतं. तळावर एक जादा कॅप्टन ठेवायला कंपनीला पैसे पडतात. 'सुरक्षा आमची पहिली प्राथमिकता' हे वाक्य फुकट असतं.

आणि मग आपण प्रवासी. धुक्यामुळे दिल्लीचं विमान जयपूरला नेलं की तिथल्या काउंटरवर विशीतल्या मुलीवर खेकसणारे आपण. माझ्या लग्नाला पोचायचं होतं, माझी मीटिंग होती, समोरच्या कंपनीचं विमान तर उतरलं, मग तुमच्याच पायलटला काय झालं? हा शेवटचा प्रश्न तर फारच आवडता. समोरचं उतरलं, म्हणून मागच्यानेही उतरावं. मागच्याच्या उजव्या खुर्चीतल्या पोराने काय पाहिलं हे आपल्याला माहीत नसतं, आणि कंपनीला ट्विटरवर टॅग करताना ते जाणून घ्यायची इच्छाही नसते. ही ओरड वर पोचते. तिथून ती आकड्यांत बदलते, इतकी विमानं वेळेवर, इतकी उशिरा, आणि आकड्यांतून ती कॉकपिटमध्ये जाऊन बसते, दोघांच्या मधोमध.

त्या जुलैच्या संध्याकाळी मुंबईवर आम्ही आणखी पंचवीस मिनिटं फिरलो. मधे कॅप्टनचा आवाज आला, शांत, थोडासा थकलेला: धावपट्टी वेळेत दिसली नाही म्हणून वर आलो, पुन्हा प्रयत्न करतोय, नाही जमलं तर अहमदाबादला जाऊ. "अहमदाबाद!" मागून कोणीतरी ओरडलं. दुसऱ्या खेपेला ताडपत्र्या नीट दिसल्या, मग कुर्ल्याकडचे दिवे, मग धावपट्टीचे. चाकं टेकली तेव्हा मागच्या रांगांतून टाळ्या वाजल्या. काकांनी बर्फीचे डबे वरचेवर सावरले, विमान अजून पळत होतं तोवरच फोन चालू केला आणि घरी सांगितलं, "हो, उतरलो. नाही गं, काही नाही झालं. एक चक्कर जास्तीची मारली, तेवढंच."